दख्खनच्या खेकड्याचं मीठ-पाणी

१८२५ साली कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून घाट चढून पुण्याला आला. त्याच्या प्रवासाची हकीगत त्याच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये, छापून निघाली. तिच्यात संस्थानिक आहेत, देवळं आहेत, लष्करी छावण्या आहेत, आणि दख्खनच्या गवताळ रानात सगळीकडे दिसणारा एक लहानसा खेकडाही आहे. हा प्राणी अंग उभारून बसतो, नांग्यांनी गवत कापतो आणि जवळजवळ स्वतःएवढी पेंढी घेऊन तिरक्या चालीनं बिळात शिरतो, असं हेबरनं मोठ्या कौतुकानं लिहून ठेवलं आहे.

आपल्या माणसांना त्यात नवल नव्हतं. मुठे, खेकडे, किरवे अशा नावांनी हा जीव मावळातल्या भाताच्या बांधापासून मराठवाड्यातल्या ओढ्यांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा होता. पहिल्या पावसात पोरं कंदील घेऊन त्याच्यामागे जात, घरात सर्दी-खोकला असला की त्याचा रस्सा होई. पण युरोपातून आलेल्या माणसासाठी खेकडा म्हणजे समुद्राचा प्राणी. घाटमाथ्याच्या अलीकडे, इतक्या आत, तो गवत कापत कसा बसतो, आणि त्याची पिल्लं कुठे वाढतात? वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे जमिनीवर राहणारे खेकडे दरवर्षी विणीसाठी समुद्राकडे झुंडीनं उतरतात, हे तोवर चांगलंच माहीत झालं होतं. सह्याद्रीच्या माथ्यावरचा खेकडा अंडी सोडायला कोकणात उतरणार, ही कल्पनाच अशक्य होती.

या खेकड्याला शास्त्राच्या दप्तरात नोंदवणारा माणूस लष्करातला होता. विल्यम हेन्री सायक्स मुंबई फौजेत अधिकारी होता, पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत लढलेला. १८२४ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. पुढची काही वर्षं सायक्स पिकं, जमिनी, माणसं, पाऊस आणि हवेचा दाब मोजत फिरला आणि त्याच पायपिटीत पक्षी, मासे, प्राणी गोळा करत गेला. त्याचा मुलूख कंपनी सरकारचा होता. गोदावरीपलीकडचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात, म्हणून त्याच्या कामाच्या बाहेर. १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या खेकड्यांवर त्याचं टिपण आलं, आणि त्यासोबत जातीचं शास्त्रीय वर्णन जॉन ओबादाया वेस्टवुड यानं दिलं. नाव ठेवलं थेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस. अल्फ्रेड अल्कॉकनं १९०९ साली बॅरिटेल्फ्युसा हा गट उभा केला, आणि पुढे हा प्राणी बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस झाला.

वेस्टवुड हे नाव इथे सहज आलेलं नाही. आदल्याच वर्षी तो एका मोठ्या वादात उतरला होता, आणि तो वाद खेकड्याच्या बालपणाबद्दलच होता.

आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात जॉन व्हॉन थॉमसन नावाचा लष्करी डॉक्टर बारीक जाळी लावून समुद्राचं पाणी गाळत असे. त्या जाळीत झोइआ नावाचे, लांब काट्यांचे, टपोऱ्या डोळ्यांचे सूक्ष्म जीव सापडत. तोवर त्यांना स्वतंत्र प्राणी समजलं जाई. थॉमसननं खेकड्याची अंडी उबवून पाहिली आणि त्यांतून झोइआच बाहेर पडले. याचा अर्थ सुरवंटाचं फुलपाखरू व्हावं तसा खेकडाही रूप पालटत मोठा होतो. आधी झोइआ, मग मेगालोपा, मग खेकडा. त्या काळच्या बऱ्याच प्राणिशास्त्रज्ञांना हे पटेना. १८३५ साली रॉयल सोसायटीच्या एकाच खंडात दोघांचे लेख छापले गेले. थॉमसननं युरोपच्या किनाऱ्यावरच्या साध्या हिरव्या खेकड्याचं रूपांतर मांडलं, तर वेस्टवुडनं वेस्ट इंडीजमधून आलेल्या जमिनीवरच्या खेकड्याचे भ्रूण आणि पिल्लं तपासून सांगितलं की यात झोइआ कुठेच नाही, पिल्लू अंड्यातून खेकडा होऊनच बाहेर येतं.

समुद्री खेकड्यांपुरता थॉमसन खरा ठरला आणि आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याचंच म्हणणं आहे. पण मला या वादात वेस्टवुडची बाजू अधिक विचार करायला लावते. झोइआ-अवस्था न घेता अंड्यातून थेट खेकडा होऊन निघणारे प्राणी जगात खरोखर आहेत. त्यांतलाच एक, दख्खनचा, वर्षभरानं त्यानं स्वतःच्या हातानं वर्णन करून ठेवला.

आता दोन प्रकारची बालपणं का, याचं उत्तर मीठ आणि पाणी यांत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं, कारण पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे सरकतं. जिवंत शरीरालाही हाच नियम आहे. विरघळलेल्या क्षारांची तीव्रता मिलिऑस्मोल या एककात मोजतात. समुद्राचं पाणी सुमारे १००० भरतं, माणसाचं रक्त ३००च्या आसपास, आणि ओढ्याचं गोडं पाणी जेमतेम १०च्या आतबाहेर. खोल समुद्रातल्या बहुतेक खेकड्यांचं रक्त समुद्राइतकंच खारट असतं, त्यामुळे त्यांना काही करावंच लागत नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं रक्त मात्र ५००च्या घरात, म्हणजे समुद्राच्या निम्मं आणि आपल्या रक्ताहून बरंच खारट. हा प्राणी ओढ्यात बसला की दोन्ही बाजूंनी गळती सुरू होते. बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आत घुसतं आणि आतलं मीठ बाहेर जातं. रोज, प्रत्येक क्षणी त्यानं हे थोपवलं तरच तो जगतो.

तो हे कसं करतो, हे उलगडायला शतक गेलं. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं ते स्नायूंतल्या केशवाहिन्यांच्या कामासाठी. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते पाण्यातल्या प्राण्यांच्या क्षारांकडे वळले आणि त्यांनी दाखवलं की चिनी खेकडा अगदी विरळ पाण्यातूनही सोडियम आणि क्लोराइड ओढून घेतो. १९३९ मध्ये जलचरांच्या क्षारनियंत्रणावरचं त्यांचं पुस्तक आलं, ते या विषयाचा पाया ठरलं. हा चिनी खेकडा त्या वेळी युरोपला चांगलाच परिचित होता. १९१२ मध्ये जर्मनीतल्या आलर नदीत तो पहिल्यांदा सापडला आणि मग नद्या-नद्यांतून पसरत गेला. त्याचं आयुष्यच सगळा प्रश्न मांडून दाखवतं. मोठा झालेला खेकडा नदीत शेकडो किलोमीटर आत राहतो, पण विणीसाठी खाली खाऱ्या पाण्यात उतरावंच लागतं, कारण त्याचे झोइआ गोड्या पाण्यात तगत नाहीत.

मीठ आत ओढणारा पंप नेमका कुठला, हेही खेकड्यानंच सांगितलं. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात येन्स स्कोव यांनी किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याच्या पायांतल्या नसा वाटून त्यांत एक विकर शोधलं. हे विकर पेशीतलं सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत लोटतं. थॉमसननं ज्या जातीचं रूपांतर मांडलं होतं, तीच ही जात. स्कोव यांचा निबंध १९५७ साली आला. त्यासाठीचं नोबेल मिळायला १९९७ उजाडावं लागलं. खेकड्याच्या मागच्या बाजूच्या कल्ल्यांत हे विकर भरपूर असतं, म्हणून श्वासाचं काम मुख्यतः पुढचे कल्ले आणि मीठ उचलण्याचं काम मागचे कल्ले करतात.

१९५९ मध्ये जे. शॉ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या नदी-तळ्यांमधल्या पोटॅमॉन खेकड्यावर केलेलं काम मात्र आपल्या खेकड्याच्या सर्वांत जवळचं. गोड्या पाण्यातला झिंगा-वंशी क्रेफिश पातळ मूत्र बनवून जादा पाणी बाहेर टाकतो आणि मीठ राखतो. खेकड्याला ही कला साधलेली नाही. त्याचं मूत्र रक्ताइतकंच खारट असतं. शॉ यांना दिसलं की या खेकड्यानं दुसराच मार्ग धरला आहे. कवच आणि कल्ले यांतून पाणी फारसं आतच येऊ द्यायचं नाही, मूत्र अगदी थोडं करायचं आणि जे मीठ जातं ते कल्ल्यांनी उचलून भरून काढायचं. एवढ्या काटकसरीमुळेच तो पाण्याबाहेरही बराच वेळ काढू शकतो.

आणि बरोबर याच काळात मराठवाड्यात एक विद्यापीठ उभं राहत होतं. निजामाच्या राज्यात इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९४८च्या मुक्तीनंतर दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि शहर छत्रपती संभाजीनगर. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी इमारती चढू लागल्या. जवळचा समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, अडीचशेहून जास्त किलोमीटरवर.

इथल्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् आले. त्यांची घडण सगळी समुद्राकाठची. वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात प्रा. पी. एन. गणपती यांच्यासोबत त्यांनी विशाखापट्टणम बंदरातल्या लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यांवर काम केलं होतं. मग न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठात मिल्टन फिंगरमन यांच्याकडे सेसार्मा नावाच्या खाडीतल्या खेकड्याचा रंगबदल त्यांनी अभ्यासला, त्याचा निबंध १९६१ मध्ये निघाला. खेकड्याचा रंग बदलतो तो डोळ्यांच्या देठांतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे. त्या देठांत एक्स-ऑर्गन आणि सायनस ग्रंथी असतात, आणि रंग, कात टाकणं, अंडाशयाची वाढ, रक्तातली साखर, मीठ-पाणी, सगळ्यांवर तिथून लगाम असतो. १९६०च्या दशकात हवाई विद्यापीठात कामेमोटो आणि त्यांचे सहकारी याच संप्रेरकांचा क्षार-पाण्याशी असलेला संबंध तपासत होते. तिरुपतीला श्री वेंकटेश्वर विद्यापीठात भातखाचरातल्या खेकड्याच्या शरीरक्रियांचा अभ्यास जोर धरत होता.

या प्रवाहात औरंगाबादनं उडी घेतली ती ओढ्यातला खेकडा हाती धरून. मला या विभागाचं मोठेपण इथेच दिसतं. सागरी प्रयोगशाळा नाही, जहाज नाही, मत्स्यालयाला खारं पाणी नाही, म्हणून कुणी हात बांधून बसलं नाही. आसपासच्या नदी-नाल्यांत बॅरिटेल्फ्युसा मिळत होता, छोटा झिंगा कॅरिडिना मिळत होता, मोठा झिंगा मॅक्रोब्रॅकियम मिळत होता. शिकायला आलेली मुलंही बरीचशी खेड्यांतली, बीळ बघून खेकडा आत आहे की नाही हे ओळखणारी असणार. त्या ओळखीला सूक्ष्मदर्शक आणि तराजू जोडला गेला.

ए. डी. दिवाण आणि नागभूषणम् यांनी बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिसच्या वर्षभराच्या प्रजननचक्राचा आणि त्या काळात जननग्रंथींत होणाऱ्या जीवरासायनिक बदलांचा निबंध १९७४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये छापला. १९७६ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’ या युरोपीय नियतकालिकात त्याच खेकड्याच्या उष्णता सोसण्याच्या मर्यादेवरचं त्यांचं काम आलं. ही वर्षं लक्षात घ्यावीत. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यानं नुकताच भोगला होता, विहिरी आटल्या होत्या, माणसं खडी फोडायला रस्त्यांवर गेली होती. पैठणला जायकवाडीचं धरण पूर्ण होऊन नाथसागरात पाणी साठायला १९७६ साल लागलं. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात ओढ्याचा घसा कोरडा पडतो, तिथला खेकडा किती तापमानाला मरतो हा प्रश्न विद्यापीठाला सुचावा, यात मला मातीशी जोडलेली एक शिस्त दिसते. उन्हाळ्यात हा प्राणी बिळात ओल मिळेपर्यंत खाली जातो आणि तिथे बसून राहतो. कल्ले ओले राहिले की श्वास चालतो, आणि शॉ यांना आफ्रिकेत दिसलेली काटकसर त्याला पावसापर्यंत पोहोचवते.

१९७७ मध्ये नागभूषणम् आणि ज्योती यांचा कॅरिडिना वेबेरी या गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या क्षारनियंत्रणावर संप्रेरकांचा ताबा कसा असतो, यावरचा निबंध आला. या अभ्यासांची रीत अशी असे: काही प्राण्यांचे डोळ्यांचे देठ काढायचे, काहींना देठांचा किंवा मेंदूचा अर्क टोचायचा, मग वजन आणि रक्तातले क्षार मोजायचे. देठ गेलेला कवचधारी प्राणी साधारणपणे अंगात जास्त पाणी धरतो आणि वेळेआधी कात टाकतो. जिवंत प्राण्याचे डोळे कापणं ही गोष्ट लिहितानाही बोचते, आणि बोचायलाच हवी. पण याच ज्ञानावर पुढे जगभरच्या कोळंबी-बीज केंद्रांत मादीचा एक डोळा काढून तिला अंड्यांवर आणण्याची पद्धत रूढ झाली, हेही खरं.

कात टाकणं ही खेकड्याच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक घडी. जन्मभर पाणी बाहेर ठेवणारा प्राणी त्या वेळी मुद्दाम पाणी आत घेतो. जुनं कवच तडकतं, मऊ शरीर फुगतं, आणि फुगलेल्या मापावर नवं कवच कडक होतं. समुद्रात चुना आसपासच्या पाण्यातच भरपूर असतो. ओढ्यातल्या खेकड्याला तो शरीरात साठवून ठेवावा लागतो, आणि टाकलेली कात खाऊन तो उरलेला परत मिळवतो.

विभागाची माणसं समुद्राकडेही गेली. यू. एच. माने आणि नागभूषणम् यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या शिंपल्यांवर आणि तिथल्या हिरव्या शिणाण्यांवर सत्तरच्या दशकात काम केलं. जी. के. कुलकर्णी यांच्यासोबत नागभूषणम् यांनी समुद्री कोळंबीच्या डोळ्यांतून येणाऱ्या, अंडाशय दाबून ठेवणाऱ्या संप्रेरकावरचा निबंध १९८० मध्ये ‘अ‍ॅक्वाकल्चर’मध्ये दिला. खाडीत दिवसातून दोनदा खारं-गोडं होतं, पावसाळ्यात तर पाणी जवळजवळ गोडंच. तिथल्या प्राण्याला मीठ-पाण्याचा हिशेब रोज नव्यानं मांडावा लागतो, आणि तो कसा मांडला जातो हे बघायला पठारावरचे शिक्षक-विद्यार्थी घाट उतरत होते.

मोठ्या प्राण्यावरचं हे काम होत असताना पिल्लांचा प्रश्न बाजूला राहिला होता. त्याला फ्रान्समधल्या माँपेलिए विद्यापीठात गी शारमांतिए यांनी हात घातला. भ्रूणापासून प्रौढापर्यंत एकेक अवस्था घेऊन तिचं इवलंसं रक्त तपासायचं, हे काम कमालीच्या चिकाटीचं. १९९८ मध्ये त्यांनी कवचधारी प्राण्यांमधले निष्कर्ष एकत्र मांडले. काही जातींमध्ये अळीपासून प्रौढापर्यंत सगळ्याच अवस्था क्षार नियंत्रित करण्यात कमजोर राहतात. काहींमध्ये झोइआ दुबळा असतो आणि रूपांतराच्या टप्प्यावर, मेगालोपा किंवा पहिला छोटा खेकडा होताना, प्रौढाची ताकद येते. आणि काहींमध्ये ही ताकद अंड्यातच, जन्माआधी तयार होते. क्रेफिशमध्ये अंडी फुटण्यापूर्वीच भ्रूण गोड्या पाण्याला सिद्ध झालेला असतो, हे २००१ मध्ये त्यांनी आणि सुसांतो यांनी दाखवलं.

यातून दख्खनच्या खेकड्याचं कोडं सुटतं. खेकड्याचं घर कुठपर्यंत आत जाईल हे मोठ्या खेकड्याच्या नांगीवर ठरत नाही, ते त्याच्या पिल्लाला किती मीठ लागतं यावर ठरतं. चिनी खेकडा प्रौढपणी कितीही समर्थ असला तरी झोइआ त्याला समुद्राशी बांधून ठेवतो. कोकणातल्या खाडीतली चिंबोरीही तशीच. गाबोळीनं भरलेली मादी खाडी सोडून समुद्रात जाते, लाखांनी अंडी धरते, आणि झोइआच्या पाच अवस्था, मग मेगालोपा, असं होत-होत तिची उरलेली थोडी पिल्लं पुन्हा खाडीच्या मचूळ पाण्यात शिरतात. बॅरिटेल्फ्युसाच्या वंशानं हा सगळा पोहण्याचा काळच काढून टाकला. अंडी मोजकी, पण मोठी आणि बलकानं गच्च. झोइआ आणि मेगालोपा होऊन जातात ते कवचाच्या आत, स्वतःच्या बंद पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडावर पकडलेल्या मादीच्या पोटाखालच्या पंख्यासारख्या झाकणात अंडी दिसतात किंवा हुबेहूब आईसारखी, बारीक नांग्यांची पिल्लं बिलगलेली दिसतात. वेस्टवुडनं १८३५ मध्ये ज्या गोष्टीवर बोट ठेवलं ती हीच, फक्त ती सगळ्या खेकड्यांची नव्हती.

असा वंश समुद्र ओलांडून सहजी कुठे जाऊ शकत नाही. म्हणूनच २०१० मध्ये सेबास्टियन क्लाउस आणि सहकाऱ्यांनी या कुळाच्या जनुकांवरून भारतीय भूखंडाच्या प्रवासाचा माग काढला. हे खेकडे आग्नेय आशियातून इओसीन युगात, भारताची आशियाशी पक्की सांधजोड होण्याच्या आधी, इथे आले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नागभूषणम् आणि त्यांच्या सहकारी आर. सरोजिनी पुढे टुलेनला फिंगरमन यांच्याकडे काम करत राहिले. १९९०च्या दशकात त्यांचे निबंध तिथून येत होते. नागभूषणम्, कोडरकर आणि सरोजिनी यांनी लिहिलेलं प्राणी-शरीरक्रियेचं पाठ्यपुस्तक इथल्या महाविद्यालयांत वाचलं गेलं. दिवाण कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत गेले आणि त्यांनी पांढऱ्या कोळंबीच्या क्षारनियंत्रणाचा अभ्यास केला. मचूळ पाण्यात कोळंबी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला तळ्यात किती गोडं पाणी मिसळलेलं चालेल, हा त्यातला रोजच्या कामाचा भाग. चिंबोरीच्या शेतीतही हाच हिशेब. सिंधुदुर्गात कांदळवनाच्या कडेला चिंबोरी पाळणाऱ्या गटांना लागणारं बीज तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राच्या उबवणीतून आणलं गेलं. तिथे झोइआच्या टाकीत पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं ठेवावं लागतं आणि पिल्लू खेकड्याच्या रूपात आल्यावर ते पायरी-पायरीनं उतरवता येतं.